सांडपाण्याच्या कृत्रिम पाणथळीचा आयुष्यभराचा कार्बन हिशेब

शिरूर तालुक्यातील एका ग्रामपंचायतीच्या उपसरपंच ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गावची वस्ती सुमारे एक हजार आहे. घरोघरी नळ आल्यापासून सांडपाणी वाढले असून ते गटारातून गावाबाहेरच्या ओढ्याला मिळते. त्यासाठी खडी आणि कर्दळीचे कुंड, म्हणजे ज्याला गावोगावी ‘रूट झोन’ म्हणतात ती कृत्रिम पाणथळ, बांधण्याचा प्रस्ताव आला आहे आणि प्रस्तावात हा प्रकल्प ‘शून्य कार्बन’ असल्याचे लिहिले आहे. ते खरे धरावे का, आणि अशा कुंडाच्या आयुष्यभराचा कार्बनचा हिशेब कसा मांडावा?

ताई, कुंड जरूर बांधावे, पण ‘शून्य कार्बन’ हे शब्द प्रस्तावातून काढून टाकावेत. वीज लागत नाही आणि झाडे हिरवी आहेत, एवढ्यावर ते शब्द लिहिले जातात. प्रत्यक्षात अशा कुंडाच्या हिशेबात विजेचा वाटा नगण्य असतो, झाडांचा त्याहून नगण्य, आणि सिमेंटचा वाटाही लोकांना वाटतो तेवढा मोठा नसतो. हिशेबाचा निकाल लागतो तो खडीत पाणी किती वेळ प्राणवायूविना उभे राहते आणि कुंडाआधीच्या टाकीत गाळ किती महिने पडून राहतो, या दोन गोष्टींवर. पुण्यात बसून या विषयाचे काम करताना माझे हेच मत दरवेळी पक्के होत गेले आहे. पुढचे सारे आकडे तुमच्या गावाच्या मापाने मांडतो, म्हणजे ते पडताळून पाहता येतील.

आधी मोजमापाची चौकट ठरवू. जीवनचक्र मूल्यमापनाची पद्धत आयएसओ १४०४० आणि १४०४४ या मानकांत दिलेली आहे. तिचा गाभा एवढाच की, आपण कशाच्या मागे उत्सर्जन मोजतो आणि हिशेबाची सीमा कुठे आखतो, हे आधी सांगितले पाहिजे. आपण शुद्ध केलेल्या एका घनमीटर पाण्यामागे मोजू, आयुष्य २० वर्षे धरू, आणि सीमेत खडीच्या वाहतुकीपासून गाळ उपसण्यापर्यंत सारे घेऊ. जल जीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरपैकी सुमारे ४० लिटर सांडपाणी होते असे धरले, तर दिवसाला ४० घनमीटर, वर्षाला १४,६०० घनमीटर पाणी येईल. त्याचा बीओडी, म्हणजे मैला कुजताना लागणाऱ्या प्राणवायूवरून केलेले मैल्याचे मोजमाप, लिटरमागे २०० मिलिग्रॅम धरला तर वर्षाला सुमारे २,९२० किलो होतो. नायट्रोजन लिटरमागे २५ मिलिग्रॅम, म्हणजे वर्षाला ३६५ किलो धरतो. नुसत्या आंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्यात एवढा नायट्रोजन नसतो, पण बहुतेक गावांत शौचालयाच्या सेप्टिक टाकीचे वरचे पाणी गटारातच सोडलेले असते. ते नाकारून हिशेब केला तर तो कागदावरच राहतो.

आता बांधकाम. एवढ्या पाण्याला आडव्या प्रवाहाचे कुंड सुमारे पाच गुंठ्यांचे, म्हणजे ५०० चौरस मीटरचे लागेल. त्यात ६० सेंटिमीटर खडी भरायची तर ३०० घनमीटर, अंदाजे ४५० टन खडी होते. क्रशर ४० किलोमीटरवर असेल तर १५ टनांच्या ३० खेपा, जाऊन-येऊन २,४०० किलोमीटर, सुमारे ६९० लिटर डिझेल, आणि लिटरमागे २.६८ किलो या हिशेबाने १.८ टन कार्बन डायऑक्साइड. खडी फोडण्याचे आणखी दोन-सव्वादोन टन. तळाला एक मिलिमीटर जाडीचे एचडीपीई कापड अंथरले तर बाजूंसह सुमारे ५८० किलो प्लॅस्टिक लागते, त्याचे दीड टनाच्या आत. जेसीबीच्या खोदाईचे डिझेल तर हिशेबात दिसतही नाही, मात्र मुरमाखाली काळा कातळ लागून ब्रेकर लावावा लागला तर ते वाढते.

बांधकामातला खरा फरक काँक्रीटमध्ये पडतो. मातीचे बांध घालून, वर कापड टाकून, फक्त टाकी आणि चेंबर काँक्रीटचे केले तर १५ घनमीटर काँक्रीट पुरते आणि सिमेंट व सळई मिळून सात टनांच्या आसपास उत्सर्जन होते. तेच कुंड तळापासून भिंतीपर्यंत आरसीसी केले तर काँक्रीट ६० घनमीटरवर जाते आणि उत्सर्जन २९ टनांवर. अंदाजपत्रकात आरसीसीला दर ठरलेले असतात, मोजमाप सोपे असते, म्हणून ते सर्रास सुचवले जाते. मातीच्या बांधाला कष्ट जास्त आणि त्यावर देखरेखही लागते. तरीही पाच गुंठ्यांच्या कुंडाला चहूबाजूंनी आरसीसी भिंत घालण्याचे मला कारण दिसत नाही. जिथे काँक्रीट लागेलच तिथे साध्या ओपीसीऐवजी राख मिसळलेले पीपीसी किंवा स्लॅगचे सिमेंट वापरावे, कारण सिमेंटचे उत्सर्जन मुख्यतः क्लिंकरमुळे, म्हणजे भट्टीत भाजलेल्या चुनखडीच्या गोळ्यांमुळे, होते आणि या सिमेंटांत क्लिंकर कमी असते. मातीच्या बांधाच्या कुंडाचे सारे बांधकाम १३ टनांत बसते. २० वर्षांवर वाटले तर ते वर्षाला ०.६५ टन होते. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढचे आकडे याच्यापुढे मोठे दिसणार आहेत.

पाण्यातला मैला कुजतो तेव्हा प्राणवायू असेल तर कार्बन डायऑक्साइड निघतो, नसेल तर मिथेन. अन्नातून आलेल्या कार्बनचा डायऑक्साइड हिशेबात धरत नाहीत, कारण तो पिकाने हवेतूनच घेतलेला असतो. मिथेन मात्र धरावा लागतो. आयपीसीसी या हवामान बदलावरील आंतरराष्ट्रीय समितीच्या सहाव्या अहवालानुसार एक किलो जैविक मिथेन १०० वर्षांच्या मापाने २७ किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता राखतो, आणि पाण्यातल्या नायट्रोजनपासून निघणारा नायट्रस ऑक्साइड किलोमागे २७३ किलोएवढी. २० वर्षांचे माप घेतले तर मिथेनचा आकडा ८०च्या घरात जातो. म्हणून प्रस्तावात कोणते माप घेतले आहे हे विचारल्याशिवाय कोणत्याही दोन आकड्यांची तुलना करू नये.

आयपीसीसीने २०१३ मध्ये पाणथळींसाठी पूरक मार्गदर्शिका काढली. तिच्यात सांडपाण्याच्या कृत्रिम पाणथळींना स्वतंत्र प्रकरण आहे. एक किलो बीओडीतून जास्तीत जास्त ०.६ किलो मिथेन निघू शकतो. त्यातला किती भाग खरोखर निघतो याचे गुणक तिथे प्रकारागणिक दिले आहेत: उघड्या पाण्याच्या कुंडाला ०.४, खडीतून आडव्या प्रवाहाच्या कुंडाला ०.१, आणि वरून थांबून थांबून पाणी सोडायच्या उभ्या प्रवाहाच्या कुंडाला ०.०१. तिन्ही कुंडांत कर्दळ तीच, पाणीही तेच असू शकते, पण मिथेनमध्ये चाळीसपट अंतर पडते. उभ्या प्रवाहात पाणी खाली उतरताना मागून हवा खडीत ओढली जाते. आडव्यात खडी कायम बुडालेली असते. उघड्या पाण्यात तर तळाचा गाळ हवेला पारखाच होतो.

या गुणकांनी तुमचा हिशेब करू. टाकीत ३० टक्के बीओडी खाली बसला असे धरले तर कुंडात वर्षाला २,०४४ किलो जाईल. आडव्या कुंडातून १२३ किलो मिथेन, म्हणजे ३.३ टन कार्बन डायऑक्साइडशी समतुल्य. उभ्या कुंडातून अर्धा टनही नाही, फक्त ०.३३ टन. उघड्या पाण्यातून १३ टनांवर. नायट्रस ऑक्साइड आडव्या कुंडात सर्वांत जास्त, सुमारे १.२ टन समतुल्य. उभ्यात तो जवळजवळ नाही.

आणि आता टाकी, जिच्याबद्दल ‘शून्य कार्बन’ लिहिणाऱ्यांनी एक ओळही लिहिलेली नसते. टाकीत वर्षाला ८७६ किलो बीओडी गाळ होऊन बसतो. तो वर्षानुवर्षे उपसलाच नाही आणि त्यातला निम्मा जरी तिथेच सडला, तरी २६३ किलो मिथेन, म्हणजे ७.१ टन समतुल्य उत्सर्जन होते. संपूर्ण कुंड मिळून जेवढे सोडते, त्याच्या दीडपट एकटी टाकी सोडते. दर तीन महिन्यांनी गाळ उपसून उन्हात वाळवला आणि कंपोस्टमध्ये मिसळला, तर हा आकडा माझ्या अंदाजाने एक तृतीयांशावर, सुमारे २.४ टनांवर आणता येतो.

म्हणजे बांधकामाचा वर्षाचा ०.६५ टनांचा वाटा धरून, दुर्लक्षित टाकी आणि आडवे कुंड मिळून वर्षाला १२.३ टन, घनमीटरमागे ०.८४ किलो. नियमित गाळ उपसलेली टाकी आणि तेच आडवे कुंड, साडेसात टनांच्या आसपास, घनमीटरमागे ०.५२ किलो. नीट राखलेली टाकी आणि उभे कुंड, ३.४ टन, घनमीटरमागे ०.२३ किलो. एकाच गावाच्या एकाच पाण्याचे हे तीन आकडे आहेत आणि त्यांतला सर्वांत मोठा फरक देखभालीने आणि प्रवाहाच्या दिशेने पडलेला आहे.

तुलनेसाठी ब्लोअर, म्हणजे पाण्यात हवा फुंकणारे यंत्र, लावलेला लहान प्रकल्प घेऊ. त्याला घनमीटरमागे एक युनिट वीज धरली तर वर्षाला १४,६०० युनिटे होतात आणि देशाच्या ग्रिडवर युनिटमागे सुमारे ०.७ किलो उत्सर्जन पकडल्यास १०.२ टन. त्यात आयपीसीसीच्या २०१९च्या सुधारित गुणकांनी मिथेनचे १.४ आणि नायट्रस ऑक्साइडचे २.५ टन मिळवले की १४ टनांच्या वर जाते, बांधकाम वेगळेच. दुर्लक्षित टाकीचे कुंड या आकड्यापासून फार लांब नाही, हे कटू असले तरी खरे आहे. कुंडाची बाजू यासाठीच घ्यायची की, त्याचे उत्सर्जन कमी करणे माणसाच्या हातात आहे, तर महावितरणचे बिल थकल्यावर ब्लोअर बंद पडलेला प्रकल्प पाणी शुद्धही करत नाही.

कुंडावर काय पाहायचे ते सांगतो. पाणी जिथे आत शिरते तिथले पहिले दोन मीटर खडी हीच त्याची नाडी. तिथे एक लोखंडी सळई खडीत खुपसून बाहेर काढावी. तिच्या टोकाला काळा, चिकट लेप आला आणि कुजक्या अंड्याचा वास सुटला, तर समजावे की खडीच्या फटी बुजू लागल्या आहेत. पुढची पायरी म्हणजे पाणी खडीच्या वर येऊन साचते आणि आडवे कुंड हळूहळू उघड्या पाण्याचे कुंड होऊन बसते, म्हणजे ०.१चा गुणक ०.४कडे निघालेला असतो आणि डास होतात ते वेगळे. पाणी बाहेर पडते त्या चेंबरमध्ये फिरता एल्बो, म्हणजे पाइपाचे वळण, बसवलेला असतो. तो खाली वळवला की पाण्याची पातळी उतरते, वर वळवला की चढते. ही पातळी खडीच्या पृष्ठभागाच्या पाच-दहा सेंटिमीटर खाली ठेवावी आणि अधूनमधून दोन-तीन दिवस आणखी खाली उतरवून खडीला हवा खाऊ द्यावी. अनेक ठिकाणी हा एल्बो सिमेंटने पक्का करून टाकलेला पाहिला आहे. गळती थांबवण्याच्या नादात कुंडाचा एकमेव नियंत्रक अशा वेळी निकामी होतो.

फटी बुजण्याचे मूळ गावातच असते. भांडी घासायची राख आणि माती, पावसाळ्यात गटारात येणारी गाळवट, आणि गोठ्याचे पाणी. गोठा धुतलेले पाणी गटारात आले की वर धरलेला बीओडी कागदावर उरतो, प्रत्यक्षात तो कितीतरी वाढलेला असतो. म्हणून गोठ्याचे पाणी शेणखताच्या खड्ड्याकडे वळवावे आणि पावसाचे पाणी कुंडाला वळसा घालून जाईल असा बायपास ठेवावा. ज्या घरांभोवती मुरूम आहे तिथे घरचाच शोषखड्डा करणे सर्वांत उत्तम, कारण जे पाणी कुंडापर्यंत येतच नाही त्याला खडीही लागत नाही.

झाडांविषयी बोलायचे तर, पाच गुंठ्यांत वर्षाला अंदाजे एक टन कोरडा पाला वाढला तरी त्यात धरलेला कार्बन दीड टन कार्बन डायऑक्साइडएवढा भरतो. पण कापून तो जाळला, कुजवला किंवा जनावरांना घातला की तो कार्बन हवेत परततो. म्हणून तो वजा करू नये. पाला कापलाच नाही आणि कुंडातच पडून सडला, तर उलट तो मिथेनची भर घालतो. पाणकणसासारख्या पोकळ देठांच्या वनस्पती मुळाशी तयार झालेला मिथेन देठातून सरळ वर पोहोचवतात, आणि त्याच वाटेने मुळांना प्राणवायूही नेतात. त्यामुळे झाड असणे हे एकतर्फी फायद्याचे किंवा तोट्याचे नसते. कर्दळ, लव्हाळे, वाळा ही निवड करताना कापायला सोपे काय आणि गावात कोणाला त्याचा उपयोग आहे, हा विचार कार्बनच्या विचाराआधी करावा. आणखी एक बारकावा: कपड्यांच्या साबणातील पेट्रोलियमजन्य रसायनांचा कार्बन अन्नातून आलेला नसतो, त्यामुळे तो विघटित होऊन निघणारा कार्बन डायऑक्साइड काटेकोर हिशेबात धरायला हवा. गावच्या पाण्यात साबणाचे प्रमाण मोठे असते, पण बहुतेक अहवालांत ही ओळ नसते.

‘किती कार्बन वाचला’ हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर आज पाण्याचे काय होते यावर अवलंबून आहे. गावाबाहेर पाणी डबक्यात साचून सडत असेल तर आयपीसीसीच्या २००६च्या साचलेल्या गटाराच्या ०.५ या गुणकाने ते आज वर्षाला सुमारे २४ टन समतुल्य सोडते आहे, आणि कुंडाने मोठी बचत होईल. तेच पाणी वाहत्या ओढ्यात जात असेल तर २०१९चा गुणक फक्त ०.०३५ आहे. मग आजचे उत्सर्जन नायट्रस ऑक्साइड धरूनही अडीच टनांच्या आत येते आणि कागदावर कुंड त्याहून जास्त सोडताना दिसेल. परंतु तुमच्या भागातले ओढे घोड किंवा भीमेला मिळतात, त्या नद्यांवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी पाणी अडवलेले असते, आणि शेवटी सारे उजनीत जाऊन थांबते, जिथे जलपर्णी पसरते. जलाशयाला गुणक ०.१९ आहे, म्हणजे सगळा मैला तिथवर पोहोचला तर नऊ टन. वाटेत काही भाग हवेच्या सान्निध्यात संपतो, तेव्हा खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये. नीरा-कऱ्हेच्या खोऱ्यातील गावांचे पाणी उजनीच्या खाली भीमेला मिळते, त्यांना हाच आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. आणि एक स्पष्ट सांगतो: वाहत्या ओढ्याच्या काठच्या गावाचा हिशेब तोट्याचा दिसला तरी कुंड बांधावेच. खालच्या वस्तीची पिण्याची विहीर आणि लेकरांचे आरोग्य कार्बनच्या रकान्यात मावत नाही, आणि तो रकाना त्यासाठी बनवलेलाही नाही.

शुद्ध केलेले पाणी शेताला दिले तर एक मोठी जमेची बाजू मिळू शकते. बोअरवेलमधून ६० मीटर खोलीवरून तेवढेच पाणी ३०० दिवस उपसायला पंपाची कार्यक्षमता ४० टक्के धरून ४,९०० युनिटे लागतात, म्हणजे सुमारे ३.४ टन. पण ही वजाबाकी तो बोअर खरोखर बंद राहिला तरच करावी. पाणी वाढले म्हणून उसाचे क्षेत्र वाढले आणि बोअरही चालूच राहिला, तर वाचले काहीच नाही. शिवाय वैशाखात पाच गुंठ्यांच्या झाडोऱ्यातून दिवसाला तीन-चार घनमीटर पाणी हवेत जाते, तेवढे शेतापर्यंत पोहोचणारच नाही.

हे सारे गुणक बहुतांशी थंड आणि समशीतोष्ण देशांतील मोजण्यांवर उभे आहेत. पुण्याच्या भागात एप्रिल-मे मध्ये पारा ४०च्या घरात जातो आणि हिवाळ्यातही खडीतले पाणी मिथेन थांबेल एवढे गार होत नाही, त्यामुळे आपल्याकडचे आकडे वरच्या बाजूला झुकतील असे मी धरून चालतो. मोजायचे असेल तर झाडासकट खडीवर बंद पेटी ठेवून ठरावीक मिनिटांनी सिरिंजने हवा काढून गॅस क्रोमॅटोग्राफवर तपासतात. झाड वगळून, फक्त मोकळ्या खडीवर, एका दुपारी घेतलेला नमुना कोणी वर्षाचा आकडा म्हणून दाखवला तर तो स्वीकारू नये. दिवस-रात्र, पाणी आत येण्याची आणि बाहेर जाण्याची टोके, आणि तिन्ही ऋतू त्यात यायला हवेत.

आता प्रस्तावात काय बदलावे. सल्लागाराकडून लेव्हल यंत्र लावून गटाराचे तोंड आणि ओढ्याचा पूररेषेवरचा काठ यांतला फरक मोजून घ्यावा. दीड मीटरच्या आसपास उतार मिळत असेल तर सायफनने थांबून थांबून पाणी सोडणारे उभ्या प्रवाहाचे कुंड विजेविना चालते आणि तेच मागावे. सायफनची रबरी सील आणि वाळूचा वरचा थर वेळोवेळी पाहावा लागेल हे धरून चालावे. उतार नसेल आणि सहा मीटरवर पंपाने उचलावे लागले तरी वर्षाला अर्धाच टन वाढतो, म्हणून केवळ ‘वीज नको’ या हट्टाने आडवे कुंड निवडू नये. आडवेच करावे लागले तर बांध मातीचे, एल्बो फिरता, आणि आत शिरताना पहिले दोन मीटर मोठी खडी, जी पाच-सात वर्षांनी काढून धुता येईल. देखभालीच्या करारात टाकीचा गाळ तीन महिन्यांनी उपसण्याचे, तो वाळवायच्या जागेचे, आणि पाला वर्षातून दोनदा कापण्याचे स्वतंत्र कलम घालावे. त्याचा खर्च वित्त आयोगाच्या स्वच्छतेच्या निधीतून करता येईल का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारून ग्रामसभेत मंजूर करून घ्यावे. आणि ‘शून्य कार्बन’च्या जागी निवडलेल्या प्रकाराचा घनमीटरमागचा आकडा, त्यात धरलेली गृहीतके आणि गाळ उपसण्याची मुदत, एवढे एकाच परिच्छेदात लिहून मागावे.